मावशीने फाईल उघडली नाही

बर्मिंगहॅम, गुरुवार

"हीच ती. हीच सांगते सगळं," माझ्या मागच्या खुर्चीवरची बाई नवऱ्याच्या कानाशी म्हणाली. ती इंग्रजीतच बोलली, पण बर्मिंगहॅमच्या त्या सपाट सुरात, ज्यात आनंदाची बातमीही तक्रारीसारखी वाटते.

नवऱ्याने मान वळवून पाहिलं. "केवढीशी आहे," तो म्हणाला.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून माझी वसूमावशी चालली होती. गळ्यात ओळखपत्र, पायात जाड तळाचे बूट, कापलेले पांढरे केस. ती माझ्याकडे न बघता आत गेली. ती माझी मावशी आहे हे त्या दोघांना सांगावं असं मला क्षणभर वाटलं, पण अर्थातच मी काही बोलले नाही. मी अनोळखी माणसांशी बोलत नाही. ओळखीच्यांशीही फारसं नाही.

पुण्यातल्या माझ्या कंपनीने मला दोन आठवड्यांसाठी बर्मिंगहॅमला पाठवलं होतं. हॉटेलऐवजी मी मावशीकडे उतरले. नाशिकला घरी सगळ्यांना हे कारण पुरेसं होतं. आईलासुद्धा. माझी बॅग आईनेच भरली: बहिणीसाठी भाजणी, मेतकूट आणि दोन बाटल्या लोणचं, स्वेटरमध्ये गुंडाळून. ती देवपूजेला बसल्यावर बाबांनी त्या स्वेटरखाली एक प्लॅस्टिकची फाईल सरकवली. आईचे रिपोर्ट. "वसूला दाखव," ते कुजबुजले. "संशोधनच करते ती. तिच्याकडे काहीतरी नवीन असेल. आणि आईला एक अक्षर नाही."

आईला ओव्हरीचा कॅन्सर होता आणि तो पोटात पसरला होता. आईला सांगितलं होतं की पोटात टीबीचं पाणी झालंय.

मावशी डॉक्टर आहे आणि नव्या औषधांच्या अगदी पहिल्या चाचण्या करते. म्हणजे औषध माणसाला पहिल्यांदा देऊन बघतात, त्या. तिच्याकडे येणाऱ्यांचे नेहमीचे उपचार संपलेले असतात. त्या दिवशी माझं ऑफिस लवकर सुटलं म्हणून मी तिच्या हॉस्पिटलात जाऊन बसले होते, दोघींनी बरोबर घरी जायचं म्हणून.

आपल्याकडे अशा ठिकाणी एका पेशंटमागे सहा माणसं असतात, कोणाच्या हातात डबा असतो, आणि कोणीतरी कोणाला तरी विचारतंच, "तुमचं काय?" इथे कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ ट्रॉलीवरून चहा वाटत फिरत होते. ते स्वयंसेवक आहेत आणि त्यांची बायको इथलीच पेशंट होती, हे मला नंतर मावशीने सांगितलं. टेबलावर पत्रकं होती: विग कुठे मिळतील, कुत्र्याला सांभाळायला कोण येईल, मुलांना कसं सांगावं.

रिसेप्शनपाशी माझ्या वयाची एक पंजाबी मुलगी वाद घालत होती. तिची आई बाजूला पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

"मी आहे ना ट्रान्सलेट करायला. दुभाषी कशाला?"

"सॉरी लव्ह. या क्लिनिकमध्ये घरच्यांनी करायचं नाही. तू आत जा, तिचा हात धर. बोलायचं काम मिसेस सिंग करतील." रिसेप्शनवरची बाई सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणत होती.

"ती माझी आई आहे. तिला माझ्याइतकं कोण ओळखतं?"

"म्हणूनच, लव्ह," रिसेप्शनवरची बाई अगदी मऊ आवाजात म्हणाली.

तेवढ्यात दुभाषी बाई आल्या आणि तिघी आत गेल्या. अर्ध्या तासाने आई आधी बाहेर आली, ताठ चालत. मुलगी मागून आली, रडून चेहरा सुजलेली. आईने तिला खुर्चीवर बसवलं, पर्समधून रुमाल काढून दिला आणि चहाच्या ट्रॉलीवाल्याला बोटांनी दोन कप असं सांगितलं.

मी मोबाईलकडे बघत राहिले. तो बंद होता.

तीच संध्याकाळ

इथे नोव्हेंबरात साडेचारलाच अंधार पडतो. डबलडेकर बसमध्ये आम्ही खालीच बसलो, कारण पहिल्या दिवशी मी वर बसले होते आणि थांबा आला तेव्हा बेल दाबायचा धीर झाला नव्हता. दुसरं कोणी दाबेल म्हणून वाट बघत शेवटच्या थांब्यापर्यंत गेले आणि पावसात अर्धा तास चालत परत आले. मावशीला मी सांगितलं होतं की ऑफिसात उशीर झाला. ती "बरं" म्हणाली होती आणि माझ्या ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले होते.

उतरताना सगळे ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात. मीही म्हणते, पण इतक्या हळू की त्याला कधी ऐकू गेलं नसेल.

मावशीचं घर एका लांब लाल विटांच्या ओळीतलं, दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांच्या. ती एकटीच राहते. हीटिंग ठरलेल्या वेळी सुरू होतं आणि ठरलेल्या वेळी बंद. कपाटात अकरा मग आहेत, प्रत्येकावर काही अक्षरं आणि आकडे छापलेले. एखादी चाचणी सुरू झाली की औषध कंपनी डॉक्टर-नर्सना असे मग वाटते.

"यातली किती औषधं बाजारात आली?" मी एकदा विचारलं होतं.

"ज्यातून तू पितेयस ते नाही आलं. हे निळंही नाही. या पिवळ्याने तर लिव्हरच बिघडायला लागली लोकांची." तिने कपाटाकडे पाहिलं. "एक आलं. त्याचा मग फुटला."

तिच्या करिअरबद्दल आमच्या घरी फार अभिमानाने बोलतात. वसू संशोधन करते, वसू कॅन्सरवर औषध शोधते. तिच्या स्वयंपाकघरात उभं राहिल्यावर मला कळलं की वीसहून जास्त वर्षं तिने मुख्यतः काय चालत नाही हे शोधलंय, आणि ते ज्यांच्या शरीरात शोधलं त्यातले बहुतेक आता नाहीत. ती त्यांची नावं घेते. चहा करताना मधेच म्हणते, "मार्गारेटला असाच लागायचा, काळाकुट्ट."

त्या संध्याकाळी तिने आईच्या भाजणीची थालीपिठं लावली. लोणी नव्हतं म्हणून ब्रेडला लावायचं मार्जरीन. खाऊन झाल्यावर मी वर जाऊन फाईल आणली आणि टेबलावर ठेवली. येऊन पाच दिवस झाले होते.

मावशीने नाव वाचलं. बराच वेळ ती नावच वाचत होती.

"ताईला माहितेय?"

"हो," मी म्हणाले.

"काय माहितेय?"

"की... कॅन्सर आहे."

"मग ठीक. उद्या सकाळी तिलाच फोन करते. आधी तिला विचारेन, तुला डॉक्टरांनी काय सांगितलंय. मग बघू कागद."

"नको," मी म्हणाले. माझा आवाज खूपच मोठा आला. "मावशी, फोन नको करूस. तिला टीबी सांगितलंय. पोटात टीबीचं पाणी."

मावशी उठली. धुऊन ठेवलेला तवा तिने पुन्हा घासायला घेतला. तिची पाठ माझ्याकडे होती.

"टीबीचं पाणी," ती म्हणाली. "कोणाला सुचलं हे?"

"बाबांना. त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं."

तिने तवा ठेवला, हात पुसले आणि फाईल एका बोटाने माझ्याकडे सरकवली.

"ही माझ्याकडे आलेली नाही. जिची आहे तिला माहीत नसेल तर मी उघडत नाही. परक्यांचीही नाही, सख्ख्या बहिणीची तर नाहीच."

"पण काही नवीन औषध..."

"अनू, फाईल न उघडताही एवढं सांगते. नाशिकचे डॉक्टर जी केमो म्हणत असतील, इथेही पहिल्यांदा तीच देतात. माझ्याकडे येण्याआधी माणसाने ते सगळं केलेलं असतं. माझ्याकडे ताईने यावं असं मला वाटत नाही. कळतंय का?"

मला कळलं. सलाईनमधून टीबीचं औषध द्यायचंय, असं आईला सांगून केमो पुढच्याच आठवड्यात सुरू व्हायची होती.

शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून बाबांना फोन केला.

"बघत नाही म्हणजे? सख्खी बहीण आहे!"

"आईला सांगितल्याशिवाय नाही बघणार म्हणते."

"तिकडचं तिकडे. तिकडे माणसं एकेकटी असतात, त्यांना चालतं. तुझी आई कोसळेल, अनू." ते थांबले. बाबा रडत आहेत हे मला कळलं, कारण ते उगाच खोकले. "काल तिने मला विचारलं, फ्रीजचा हप्ता संपला का, दुधाचं बिल कुठल्या वहीत असतं ते दाखवून ठेवते. मी म्हटलं, कशाला? तर म्हणाली, सहज. अशा बाईला मी काय सांगू?"

मी म्हणाले, "बरं." मी नेहमी हेच म्हणते. रात्री मावशीला मात्र सगळं सांगितलं, तीन आठवड्यांचं आणि दुधाच्या वहीचंही.

लेस्टर, शनिवार

"चल, मेथी आणू," मावशी शनिवारी सकाळी म्हणाली. मेथीसाठी रेल्वेने तासभर जायचं.

लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीचे दिवे अजून उतरवले नव्हते. दुकानांच्या काचांत शालू, सोन्याचे हार, ढोकळ्याचे ट्रे. फूटपाथवर स्टीलच्या डब्यांचे मनोरे, आणि त्यावरून ओघळणारा बारीक गार पाऊस. स्वेटरवर साडी आणि साडीखाली बूट घातलेल्या आज्या भाजी निवडत होत्या. इथे माझ्याकडे कोणी पाहुणी म्हणून बघत नव्हतं, तरी मला कुठे बघावं ते कळत नव्हतं.

मेथी घेऊन मावशी एका भांड्यांच्या दुकानात शिरली. काउंटरमागे साठीचे एक गृहस्थ होते. त्यांनी चष्मा वर केला.

"आवो, आवो, डॉक्टरबेन! किती महिन्यांनी!" त्यांची भाषा गुजराती, हिंदी आणि इंग्रजीची मिसळ होती, मी इथे मराठीत लिहिते आहे. "ही कोण? मुलगी?"

"भाची. नाशिकची. जयेशभाई, हिला बोलायला लावू नका, घाबरते."

"माझ्या दुकानात कशाला घाबरते? इथे फक्त किंमत ऐकून घाबरतात." त्यांनी आतून स्टूल आणलं, गाठिया आणि तळलेल्या मिरच्या आणल्या. मग मावशीकडे बघून त्यांचा चेहरा बदलला. "काय झालं?"

"हिला तुमच्या बापूजींचं सांगाल?"

जयेशभाई जरा वेळ मिरचीचं देठ मोडत बसले. त्यांनी नकार दिला असता तर मला बरं वाटलं असतं.

बावीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शहरातल्या हॉस्पिटलात मावशी नवीन होती. जयेशभाईंच्या वडिलांना पोटाचा कॅन्सर होता. उपचार संपले होते आणि त्यांना चाचणीत घ्यायचं होतं. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून जयेशभाई मधे बसले. मावशी सांगत होती की हा कॅन्सर आहे, तो बरा होणार नाही, हे औषध नवीन आहे आणि त्याचा तुम्हाला फायदा होईलच असं नाही. जयेशभाई वडिलांना सांगत होते: अल्सर आहे बापूजी, बाई खूप हुशार आहेत, नवीन औषध देणार आहेत. बापूजींनी हात जोडले आणि सही केली.

"मला वाटलं, बाईंना कुठे गुजराती येतंय," जयेशभाई म्हणाले.

"मला येत होतं," मावशी म्हणाली. "मुंबईला हॉस्टेलमध्ये पाच वर्षं माझी रूममेट सुरतची होती. मला शब्द न् शब्द कळला. आणि मी गप्प बसले."

"का?" मी विचारलं. त्या दुकानात मी बोललेला तो पहिला शब्द होता.

"कारण मला ते नॉर्मल वाटलं. घरचे असंच करतात."

बापूजी आठवड्यातून दोनदा हॉस्पिटलच्या गाडीतून येत, तपासणीला रक्त देत आणि दिवसभर नळ्या लावून पडून राहत. त्यांना एकदा जामनगरकडच्या त्यांच्या गावी जायचं होतं. तिथे त्यांची धाकटी बहीण होती. जयेशभाई म्हणायचे, अल्सर बरा झाला की जाऊ. औषधाने काही झालं नाही. सात आठवडे गेले.

"शेवटी शेवटी मला म्हणाले," जयेशभाईंनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला, "'जयेश, अल्सरने माणूस मरतो का रे?' मी म्हटलं, नाही बापूजी. ते म्हणाले, 'मग मला हे काय होतंय?' आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मग माझ्याशी बोललेच नाहीत. दोन दिवस. संपलं."

एक बाई कढई घेऊन आली. जयेशभाईंनी उठून तिला झाकण बसवून दाखवलं, पैसे घेतले, "थँक्यू बेन" म्हटलं. परत येऊन बसले.

"माझी बायको म्हणते, तू वाचवलंस त्यांना दुःखापासून," ते म्हणाले. "मी कोणाला वाचवलं? मला नव्हतं सांगायचं. घाबरलो मी होतो."

बापूजी गेल्यानंतर मावशीने स्वतःहून वरिष्ठांना लिहून दिलं की ही संमती खरी नव्हती आणि मला ते ठाऊक होतं. चौकशी झाली. तिला वर्षभर चाचण्यांच्या कामातून बाजूला ठेवलं. तिच्या बरोबरीचे पुढे गेले. परत घेतल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे घरच्यांना दुभाषी म्हणून बसू द्यायचं बंद केलं. नर्सेस वैतागल्या, कारण दुभाषी मिळेपर्यंत पेशंट ताटकळत. तिने ऐकलं नाही.

निघताना जयेशभाईंनी आमच्या मेथीच्या पिशवीत करंजीचं एक छोटं कातणं टाकलं आणि पैसे घेतले नाहीत. "नाशिकवाली, तुझ्या मम्मीला दे," ते म्हणाले. त्यांना काहीच सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं होतं.

परतीच्या गाडीत खिडकीबाहेर फक्त ओली शेतं होती आणि एकमेकींकडे पाठ करून उभ्या मेंढ्या. ननीटन स्टेशनच्या पुढे मावशी म्हणाली, "टीबीचं पाणी तुझ्या बाबांनी कुठे ऐकलं, मला माहितेय."

मी तिच्याकडे वळले.

"आमच्या आईच्या वेळचं आहे ते. मी फायनल इयरला होते. तिच्याही पोटात कॅन्सरचं पाणी झालं. ताई आणि मी माजघरात बसून ठरवलं काय सांगायचं. मी म्हटलं, टीबी सांगू, टीबीतही पाणी होतं, पटेल. ताईने तिला सांगितलं. इतकं छान सांगितलं की शेजारणीही टीबीच समजत राहिल्या. तुझे बाबा तेव्हा घरात आलेही नव्हते. लग्नानंतर कोणाच्या तरी तोंडून त्यांनी टीबी एवढंच ऐकलं असणार."

मला आधी तिच्या म्हणण्याचा नीट अर्थ लागला नाही. मग लागला.

"म्हणजे आईला..."

"ज्या बाईने स्वतः ते वाक्य बनवलं, तिलाच तुम्ही ते ऐकवलंत. तीन आठवडे ती तुमच्यासमोर टीबीची पेशंट होऊन बसलीय. तुम्ही घाबरू नये म्हणून. तिला काही विचारता येत नाही, रडता येत नाही. दुधाच्या वह्या दाखवतेय." मावशीने चेहरा खिडकीकडे केला. काचेत तिचं तोंड वाकडं झालेलं दिसलं. "मी उद्या फोन करते तिला. मीच करायला हवा. गुरुवारपासून तीनदा फोन हातात घेतला. रोज परक्या माणसांना सांगते मी. ताईला नाही सांगता येत."

गाडी बर्मिंगहॅमच्या बोगद्यात शिरली. आईने फोन घेतला आणि पलीकडून हे मावशीने सांगितलं, तर आई शेजारी बसलेल्या बाबांकडे बघेल, मग मी कुठे आहे ते बघेल, आणि तिच्या लक्षात येईल की आम्ही दोघांनी तिला सांगायचं ओझं विलायतेला पाठवलं.

"तू नको," मी म्हणाले. "मी करते."

बर्मिंगहॅम, रविवार

इथे सकाळचे दहा म्हणजे नाशिकला दुपारचे साडेतीन. आई झोपून उठते, चहा टाकते.

मावशीने मला ती तिच्या शिकाऊ डॉक्टरांना शिकवते तसं शिकवलं. ती आधी बसली आहे ना ते बघ. आधी विचार, तुला काय वाटतंय. मग शब्द एकदा उच्चार. 'गाठ' नाही, 'वाईट आजार' नाही, तोच शब्द. आणि मग गप्प राहा. ते सगळ्यात कठीण. माणसं लगेच धीर द्यायला लागतात, आणि समोरच्याला काही बोलताच येत नाही.

"गप्प राहणं तुला जमेल," ती म्हणाली. तिच्या तोंडून ही एरवी थट्टा वाटली असती.

इंग्रजी शाळेत गेल्यामुळे कठीण गोष्टी मी मनात इंग्रजीतच मांडते. त्या भाषेत त्या दुसऱ्या कोणाच्या तरी वाटतात. आईशी इंग्रजीत बोलता येत नाही. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी फोन उभा केला. मावशी स्क्रीनमध्ये दिसणार नाही अशी समोर बसली, दोन्ही हात मांडीत दाबून.

आईचा चेहरा आला. गाल आत गेले होते. आठच दिवसांत.

"अगं, स्वेटर घातलास का? वसू कुठेय? भाजणी चांगली लागली का? या वेळी जरा जाडसर दळली गेली."

"चांगली होती. आई, तू बसलीयेस का?"

"बसलेच आहे. काय गं?"

"तुझ्या पोटात काय झालंय असं वाटतं तुला?"

आईने हातातला कप खाली ठेवला. मागून बाबा धावत आल्यासारखे स्क्रीनमध्ये शिरले.

"काय अनू, थंडी किती तिकडे? बर्फ पडतो का? आवाज येत नाहीये गं, नेटवर्क गेलंय, नंतर कर..."

"नेटवर्क नीट आहे," आई म्हणाली. तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुम्ही जरा थांबा हो. ती काहीतरी सांगतेय. पहिल्यांदाच सांगतेय, सांगू द्या."

बाबा तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको, नको. समोर मावशीने डोळे मिटून घेतले.

"आई," मी म्हणाले, "तुला कॅन्सर आहे. बाबांना आणि मला तीन आठवड्यांपासून माहीत आहे. आता तू विचार, तुला जे काही विचारायचं असेल ते."